टिनावर दगड ठेवून घर वाचत नाही

आखाजी झाली. भेंडवळची घटमांडणी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळ्यांच्या मोबाईलवर भाकीत फिरलं. पाऊस कसा, कपाशी कशी, तूर कशी, राजाची गादी काय म्हणते. घटात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं ठेवतात. जळगाव जामोदपासून सिंदखेडराजापर्यंत, घाटाखाली आणि घाटावर, आठवडाभर त्या ढेकळांचीच चर्चा. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा आजचा विषय नाही. ज्याला ठेवायचा त्याने ठेवावा.

माझं म्हणणं पहिलं ढेकूळ भिजायच्या आधीच्या दिवसांबद्दल आहे. मे महिन्यात आणि मृगाच्या आसपास जे वावधान सुटतं, ते सांगायला कोणत्याच भाकिताची गरज नाही. ते दरवर्षी येतं. दरवर्षी आपल्या तेरा तालुक्यांत कुठे ना कुठे टिनं उडतात. पेपरात तोच फोटो येतो: उघड्या भिंती, भिजलेलं धान्य, वाकडेतिकडे पत्रे आणि मधे उभी असलेली एक बाई. खाली ओळ असते, "वादळी वाऱ्याने अनेक घरांवरील टिनपत्रे उडाली." आपण हळहळतो आणि पुढचं पान उलटतो.

२०२४ च्या जूनमध्ये चिखली तालुक्यात जे झालं, ते मात्र पान उलटून जाण्यासारखं नव्हतं. घरावर टिनं होती. टिनाखालच्या लोखंडी अँगलला झोका बांधलेला होता आणि झोक्यात काही महिन्यांचं लेकरू झोपलेलं होतं. वावधान आलं. टिनं अँगलसकट उडाली, आणि अँगलला बांधलेला झोकाही त्यांच्यासोबत गेला. लेकरू वाचलं नाही. गावाचं किंवा घराचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांच्यावर ते गुदरलं त्यांना आपल्या पोस्टची गरज नाही. त्या आईबापाने काही चूक केली, असंही कोणी म्हणू नये. कारण त्या दिवशी बातमी वाचून मी माझ्या घरात वर पाहिलं, तर आमच्याही पाईपाला झोक्याची कडी होती. मी त्याच झोक्यात वाढलो, माझी भाचरंही वाढली. तुमच्यापैकी ज्यांच्या घरावर टिनं आहेत त्यांनी हे वाचता वाचता एकदा वर पाहावं.

आपल्याकडे असं का होतं, तर आपण या वाऱ्याला वादळ समजतच नाही. वादळ म्हणजे समुद्रावरचं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. त्याला नाव होतं, ते कधी येणार हे आधी माहीत होतं, टीव्हीवर नकाशे होते, किनाऱ्यावरच्या लोकांना हलवलं गेलं. तिथेही छपरं उडाली, पण वारं येणार हे ठाऊक होतं. आपलं वावधान बिननावाचं. दिवसभर ऊन तापतं, दुपारनंतर ढग उभा चढत जातो, आणि पावसासोबत वरची गार हवा एकदम जमिनीवर कोसळून चारही बाजूंना पळत सुटते. आधी धूळ येते, मग वारं, मग पाणी. वीस-पंचवीस मिनिटांत खेळ खलास. शेजारच्या गावात पानही हललेलं नसतं. त्यामुळे तालुक्याच्या पातळीवर ती बातमी होते, जिल्ह्याच्या पातळीवर आकडा होतो आणि मुंबईपर्यंत काहीच पोचत नाही.

दुसरं कारण आपल्या सवयीत आहे. आधी घरावर कवेलू होते तेव्हा उन्हाळ्यात ते फेरावेच लागायचे. माळवद होतं तेव्हा पावसाच्या आधी वर माती टाकून, चोपून घ्यावी लागायची. म्हणजे वर्षातून एकदा घरातला माणूस छपरावर चढायचा. कुठला वासा किडला, कुठलं पाटन सडलं, ते त्याला दिसायचं. टिनं आली आणि ही कटकट गेली. टिन एकदा ठोकलं की वीस वर्षं पाहायचं काम नाही, असं आपण धरून चाललो. छप्पर हलकं झालं आणि त्याच्याकडे लक्ष देणंही बंद झालं.

आता दगडांबद्दल. आमच्या गल्लीतल्या एका काकांना मी म्हटलं, "काका, टिनावरचे दगड उतरवा." ते म्हणाले, "अरे बावा, वीस वर्सांपासून हायेत ते. काही झालं काय?" मी गप्प बसलो. गेल्या पावसाळ्यात त्यातलाच एक दगड, पत्रा उचलला गेल्यावर, आत खाटेपासून हातभर अंतरावर पडला. नशीब, खाटेवर कोणी नव्हतं.

दगडाने टिन का थांबत नाही, याचा हिशेब साधा आहे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. वाऱ्याचा दाब काढायला इंजिनिअर लोक जे सूत्र वापरतात, त्यात सेकंदाला जितके मीटर वेग असेल त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचं. ताशी ८० किलोमीटरचा झोत म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. हिशेब केला तर एका चौरस मीटरवर जवळपास ३० किलोचा जोर येतो. दहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद पत्रा सव्वातीन चौरस मीटरचा. म्हणजे एका पत्र्याला वर उचलणारा जोर शंभर किलोच्या घरात. पत्र्याचं स्वतःचं वजन पंधरा किलोच्या आसपास, पातळ असेल तर आणखी कमी. त्यावर दहा-दहा किलोचे दोन दगड ठेवले तरी पत्रा जाणारच, आणि जाताना ते दगड घरात टाकून जाणार.

बरं, ८० चा झोत म्हणजे काही फार मोठा नाही. इमारतीवर वाऱ्याचा भार किती धरायचा, हे सांगणारं भारतीय मानक आहे, आयएस ८७५ चा तिसरा भाग. त्यात औरंगाबादसाठी, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, सेकंदाला ३९ मीटर आणि नागपूरसाठी ४४ मीटर वेग धरायला सांगितला आहे. ताशी १४० आणि १५८ किलोमीटर. आपला जिल्हा या दोघांच्या मधे. असा झोत रोज येत नाही, पण घर बांधताना तो येऊ शकतो असंच धरायचं असतं. आपल्याकडे टिन ठोकणाऱ्या मिस्त्रीला हे कोणी कधी सांगितलं का?

वारं पत्र्याला वरून दाबत नाही, वर ओढतं. कमी उताराच्या छपरावरून वारं गेलं की वरून ओढ लागते. त्याच वेळी वाऱ्याच्या बाजूचं दार उघडं असलं की आत शिरलेली हवा खालून ढकलते. वरून ओढ आणि खालून धक्का. सगळ्यात जास्त ओढ कडेला आणि कोपऱ्यात लागते, म्हणून पत्रा कोपऱ्यातून उचलायला सुरुवात होते. एक निघाला की त्या फटीतून वारं शिरतं आणि बाकीचे मागोमाग.

मग करायचं काय? मी माझ्या घराला जे केलं आणि जाणत्या वेल्डरकडून, इंजिनिअर मित्राकडून जे समजून घेतलं, ते लिहितो.

१) टिनावरचे दगड, विटा, जुने टायर, तुटकी खाट, नांगराचा फाळ, सगळं खाली उतरवा. वर सुटं काही नको.

२) झोका टिनाच्या पाईपाला किंवा अँगलला बांधू नका. लोखंडी स्टँडचा पाळणा घ्या, नाहीतर जमिनीवर अंथरूण टाका. आभाळ भरून आलं की आधी लेकरू उचलायचं, मग अंगणातले कपडे.

३) हुक मोजा. प्रत्येक पत्रा खालच्या प्रत्येक पाईपाला जे-हुकाने धरलेला पाहिजे. कडेच्या आणि वळचणीच्या पत्र्यांना जवळजवळ हुक लावा, एक उंचवटा सोडून एक. मधल्या पत्र्यांना थोडे लांब चालतील. भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडा, खोलगट भागात नाही, नाहीतर गळेल. नट गंजलेत का, वायसर जागेवर आहेत का, ते हाताने हलवून पाहा. खाली लाकडी बल्ली असेल आणि टिनं खिळ्यांनी ठोकली असतील, तर खिळे ढिले होतातच. तिथे आरपार बोल्ट घ्या.

४) पाईप भिंतीला बांधा. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणी करत नाही. टिन पाईपाला घट्ट, पण पाईप भिंतीवर नुसता टेकवलेला आणि वर घमेलंभर सिमेंट, अशी आपली पद्धत. मग वारं पत्रा सोडत नाही आणि पाईपही सोडत नाही, पूर्ण सांगाडाच घेऊन जातं. चिखली तालुक्यात टिनं अँगलसकट गेली, हे विसरू नका. उपाय असा: पाईपाच्या खाली भिंतीत दोन-अडीच फुटांवर आरपार भोक पाडायचं, त्यातून लोखंडी सळई किंवा पट्टी घालून वर पाईपाला वेल्डिंग करायचं किंवा बोल्टने आवळायचं. नऊ इंची विटांच्या भिंतीचा दोन फूट उंचीचा भाग दर मीटरला अडीचशे किलोच्या आसपास भरतो. म्हणजे वजन आपल्याकडे आधीच आहे. ते वर ठेवायची गरज नाही, छप्पर त्याला बांधायची गरज आहे. नवीन बांधकाम असेल तर सळई भिंत रचतानाच गाडून घ्या, काम आणखी सोपं.

५) ओसरीचं टिन वाऱ्याची झोळी होते. भिंतीच्या बाहेर दीड फुटापेक्षा जास्त पत्रा लोंबू देऊ नका. मोठी ओसरी पाहिजे असेल तर तिचा सांगाडा आणि पत्रे वेगळे ठेवा. ओसरी गेली तरी घर राहील.

६) वारं सुटलं की ते ज्या बाजूने येतंय त्या बाजूची दारं-खिडक्या लावून घ्या. कडी नीट बसते का, ते आजच पाहा.

७) टिनाला घासून गेलेली विजेची वायर आणि छपरावर वाकलेली वाळकी फांदी, दोन्ही आताच काढून घ्या. वायरचं काम वायरमनकडूनच करा. टिनात करंट उतरला तर घरातलं कोणीही जाऊ शकतं.

८) छपरावर सकाळी, कोरडं असताना चढा. पाईपाच्या रेषेवर पाय ठेवा, पत्र्याच्या मधे नाही. सिमेंटच्या पत्र्यावर तर पाय देऊच नका, तो सरळ फुटतो. खाली एक माणूस उभा ठेवा.

आणि वारं चालू झाल्यावर पाईपाला लोंबकळून टिन धरायला जाऊ नका. आपल्या घरातले बापे हेच करतात. शंभर किलोच्या ओढीपुढे माणूस काय करणार? जवळ स्लॅबचं घर असेल तर धूळ दिसताच तिकडे जा. नसेल तर आतल्या भिंतीजवळ, मजबूत खाटेखाली बसा. देवळाच्या टिनाच्या शेडमध्ये किंवा झाडाखाली आसरा घेऊ नका. ९ एप्रिल २०२३ ला शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसला काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. वादळात मंदिराच्या टिनाच्या शेडवर मोठं झाड कोसळलं आणि सात माणसं गेली. लोक पावसापासून वाचायलाच तिथे थांबले होते.

माझ्या घराला हुक, वायसर, सळई आणि वेल्डिंगवाल्याची अर्ध्या दिवसाची मजुरी धरून अडीच हजारांच्या आत काम झालं. दोन खोल्यांचं घर आहे. तुमचं मोठं असेल तर जास्त लागतील.

आता सरकारी हिशेब पाहू. टिनं उडाल्यावर तलाठी, ग्रामसेवक येतात, पंचनामा होतो. केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ साठी ठरवलेल्या आपत्ती मदतीच्या निकषात, घराची किमान १५ टक्के पडझड झाली असेल तर पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि कच्च्या घराला ४,००० रुपये आहेत. गोठ्याला ३,०००. माणूस गेला तर ४ लाख. १५ टक्क्यांच्या खाली पडझड असेल तर काहीच नाही. नवीन पत्रे घ्यायला गेलं की ६,५०० कुठे जातात, ते ज्याने घेतले त्यालाच विचारा. भिजलेला गहू, पोरांची पुस्तकं, टीव्ही, हे तर वेगळंच. मी मदतीच्या विरोधात नाही. मदत वाढली पाहिजे आणि वेळेत मिळाली पाहिजे. पण जे काम वाऱ्याच्या आधी अडीच हजारात होतं, त्यासाठी आपल्याकडे एक रुपयाची योजना ऐकली नाही, आणि नंतरच्या पंचनाम्यासाठी अख्खी यंत्रणा गावात उतरते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: पंचनामा वाऱ्याच्या आधी करा.

ग्रामपंचायतीने मे महिन्यात एक दिवस ठरवावा. गावातल्या टिनाच्या घरांची यादी करावी. कोणत्या घरावर दगड आहेत, कोणाचा पाईप भिंतीत ढिला आहे, कोणत्या घरात झोका वर बांधलाय, एवढंच पाहायचं. आशाताई आणि अंगणवाडीताईंना कोणत्या घरात तान्हं लेकरू आहे ते तोंडपाठ असतं. पहिली भेट त्या घरांना. एकट्या बाईचं घर, म्हाताऱ्या माणसांचं घर त्यानंतर लगेच. हुक आणि वायसर ग्रामपंचायतीने स्वनिधीतून ठोक भावात आणून ठेवले तर खर्च आणखी कमी येईल. आयटीआयमध्ये वेल्डर, फिटर शिकणारी पोरं आपल्याच गावातली आहेत. त्यांना दोन दिवस या कामावर घ्या, मजुरी द्या. गावातल्या मिस्त्रींनाही एकदा बसवून सांगा. पाईप बांधायचा कसा, हे एकाला कळलं तर पुढची पन्नास घरं नीट होतील.

दुसरी गोष्ट घरकुलाची. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये आपल्यासारख्या सपाट भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये २०१६ पासून आहेत. सिमेंट, लोखंड, रेती कुठल्या कुठे गेलं. राज्याने २०२५ च्या अर्थसंकल्पात ५० हजारांची भर जाहीर केली, चांगलं झालं. तरी खूप घरकुलांवर स्लॅब पडत नाही, टिनंच पडतात. पडू द्या, टिन वाईट नाही. पण घरकुलाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्याचे फोटो पाहून मिळतात. पाया दिसला पाहिजे, भिंत दिसली पाहिजे, छप्पर दिसलं पाहिजे. मग त्यात आणखी एक फोटो का नको? पाईप भिंतीला बांधलेला दिसला की मगच शेवटचा हप्ता. मात्र त्यासाठी लाभार्थ्याला चकरा मारायला लावू नका. आधी सांगा, सळई कशी टाकायची ते दाखवा, मग फोटो मागा.

तिसरी गोष्ट शाळा आणि अंगणवाड्यांची. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. तोपर्यंत वर्ग रिकामे आहेत. ज्या खोल्यांवर टिनं आहेत त्या तपासायला याच्यापेक्षा चांगली वेळ नाही. शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी एक बैठक लावून हा एकच विषय घ्यावा.

काहीजण म्हणतील, हा गरिबीचा प्रश्न आहे, हुक लावून गरिबी जाते का? नाही जात. प्रत्येकाच्या डोक्यावर स्लॅब यावा, हे मला पण पाहिजे. पण स्लॅब येईल तेव्हा येईल, मृग ७-८ जूनला लागतो. तोपर्यंत ज्या छपराखाली आपण झोपणार आहोत, ते जागेवर राहिलं पाहिजे. काहीजण म्हणतील, देवाच्या मनात असेल ते होईल. देवाला मानणारा माणूस मी पण आहे. पण वारं देवाचं असलं तरी हुक लावायचं काम मिस्त्रीचंच आहे.

हवामान खात्याचं नागपूरचं केंद्र विदर्भासाठी रोज इशारा देतं. "मेघगर्जनेसह ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे" असं त्यात बुलढाण्याचं नाव आलं की तो पेपरवाल्यांसाठी नाही, आपल्यासाठी असतो. विजेसाठी दामिनी ॲप मोबाईलमध्ये ठेवा. घरातल्या शाळकरी पोराला सांगा, तो रोज पाहील आणि सगळ्यांना सांगत सुटेल.

या रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, शिडी लावा. आधी दगड उतरवा. मग वाकून पाईपाची टोकं पाहा. हाताने हलली तर ओळखीच्या वेल्डरला फोन करा. वर जाता येत नसेल तर निदान झोक्याची कडी काढून टाका, त्याला पाच मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत.

आपल्या गावात हे काम कोणी करत असेल, एखादा चांगला मिस्त्री असेल, तर कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा. सरपंच, सदस्य, ग्रामसेवक यादीत असतील तर त्यांना टॅग करा, भांडायला नाही, कामाला लावायला. आणि ज्यांच्या घरी तान्हं लेकरू आहे त्यांना ही पोस्ट फक्त पाठवू नका. त्यांच्या घरी जा आणि त्यांच्यासोबत एकदा वर पाहा.